दाब कुठे खर्च होतो?

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

पत्रिकेवर विषय छापलाय 'रक्ताभिसरण आणि रक्तदाब', आणि वेळ दिलीय पाऊण तास. आपण स्वस्थ बसलेलो असताना हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त ढकलतं आणि मोठ्या माणसाच्या अंगात रक्तही असतं साधारण ५ लिटरच. म्हणजे हे व्याख्यान संपेपर्यंत तुमचं रक्त अंगभर पंचेचाळीसेक फेऱ्या मारून येईल. माझी एक फेरी पुरी झाली तरी पुष्कळ.

मला बोलायचंय ते एकाच गोष्टीवर. बीपी म्हटलं की आपला हात छातीकडे जातो. बीपी वाढलाय म्हणजे हृदय जास्त जोर करतंय, काहीतरी त्याचंच चुकतंय, असा आपला समज. मला वाटतं, हृदय हा घरातला कमावता माणूस आहे. खर्च करणारे वेगळेच आहेत, आणि ते कुठे दडून बसलेत हे फार थोड्यांना ठाऊक असतं. त्यांचे पत्ते मी शेवटी देणार आहे. त्याआधी एका घोडीची हकीकत सांगायची आहे.

विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरने रक्त गोल फिरतं हे १६२८ मध्ये मांडलं. धमनीतून गेलेलं रक्त शिरेत कुठून येतं, हा त्यात राहिलेला तुटका दुवा माल्पिघी या इटालियन डॉक्टरने १६६१ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या, म्हणजे दोघींना जोडणाऱ्या केसाहून बारीक नळ्या, पाहून जोडला. पण रक्त फिरतं ते किती जोराने, हे पुढे कितीतरी वर्षं कोणी मोजलंच नव्हतं. ते मोजलं स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने आणि १७३३ मध्ये छापलं. एका घोडीला त्याने आडवं बांधून घातलं, मांडीच्या आतल्या बाजूची धमनी उघडून तिच्यात पितळेची बारीक नळी बसवली, आणि त्या नळीवर ९ फूट उंचीची काचेची नळी उभी केली. धमनीवरची गाठ सोडल्यावर रक्त काचेत चढू लागलं. एकदम वरपर्यंत नाही. आधी निम्मं अंतर झपकन, मग ठोक्याठोक्याला थोडं थोडं. शेवटी ते हृदयाच्या पातळीच्या वर ८ फूट ३ इंचांवर स्थिरावलं, आणि तिथे प्रत्येक ठोक्याला दोन-तीन इंच वर-खाली डुलत राहिलं. पुढच्या एका प्रयोगात नळ्यांचा सांधा लवचीक हवा म्हणून त्याने हंसजातीच्या पक्ष्याची श्वासनळी वापरली. रबराची नळी तेव्हा कुठली मिळायला!

या डुलण्यात 'वरचा' आणि 'खालचा' असे दोन्ही आकडे आहेत. हृदय आकसतं तेव्हा रक्त चढतं त्याचा माथा म्हणजे वरचा आकडा. पुढचा ठोका पडायच्या आधी ते जिथवर उतरतं तो खालचा. आपण पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतो ते केवळ सोयीसाठी. पारा रक्ताच्या जवळजवळ तेरा पट जड, म्हणून नळी लहान पुरते. नाहीतर तुमच्या १२० साठी दीड मीटरहून उंच काचेची नळी लागली असती आणि तपासणाऱ्याला स्टुलावर चढावं लागलं असतं.

आता गंमत पाहा. ८ फूट ३ इंच म्हणजे साधारण २५१ सेंटीमीटर. पाऱ्यात त्याचे १९५ च्या आसपास होतात. शांत उभ्या असलेल्या घोड्याचा सरासरी दाब याच्या कितीतरी खाली असतो. मग या घोडीचा एवढा का? तिला उलथी करून बांधलीय, मांडी चिरलीय, भूल नावाची गोष्ट अजून शंभरेक वर्षं लांब आहे. तुम्हाला असं बांधून ठेवलं तर तुमचा किती येईल? दवाखान्यात गेलं की बीपी वाढतो म्हणतात ना, त्या तक्रारीची पहिली नोंद ही. धमनीतल्या दाबाचं जगातलं पहिलं मापनच घाबरलेल्या पेशंटवर झालं, आणि माझी तक्रार अशी की तेव्हापासून आजवर आपण फारसे सुधारलेलो नाही.

मधल्या पायऱ्या भराभर सांगतो. रिवा-रोची या इटालियन डॉक्टरने १८९६ मध्ये दंडाला गुंडाळायचा, हवा भरायचा पट्टा आणला. त्याला इंग्रजीत कफ म्हणतात, पण आपल्याकडे कफ म्हटलं की छातीतला आठवतो, म्हणून मी पट्टाच म्हणणार. तो पट्टा जेमतेम ५ सेंटीमीटर रुंद होता, त्यामुळे दाब जास्त दाखवायचा. १९०१ मध्ये फॉन रेक्लिंगहाउझेनने ते ओळखलं आणि रुंदी १२ सेंटीमीटरच्या घरात नेली. रिवा-रोची मनगटाची नाडी चाचपायचा, त्यामुळे त्याला वरचा आकडाच कळे. खालचा आला १९०५ मध्ये. कोरोत्कोव्ह नावाच्या रशियन सर्जनने पट्ट्याखाली, कोपराच्या आतल्या खळगीत स्टेथोस्कोप लावला आणि आवाज ऐकला. त्याने त्यावर लिहिलेलं टिपण पानभरही नव्हतं.

आवाज कसला, हे जरा जवळून पाहू. आपल्याकडे 'धमन्यांतून रक्त सळसळतं' असं म्हणायची पद्धत आहे. निरोगी, मोकळ्या धमनीत रक्त अजिबात सळसळत नाही. ते थराथरांनी मुकाट वाहतं, मधला थर वेगात, भिंतीलगतचा जवळजवळ थांबलेला. सळसळ ऐकू यायला वाट अरुंद व्हावी लागते. मानेच्या धमनीवर स्टेथोस्कोप ठेवून डॉक्टरांना सळसळ ऐकू आली तर ते वीरश्रीचं लक्षण मानत नाहीत, सोनोग्राफी लिहून देतात. बीपी मोजताना आपण हेच अरुंदपण मुद्दाम करतो. पट्टा धमनी पूर्ण दाबतो, तेव्हा आवाज नाही. हवा सोडत गेलं की एका क्षणी फक्त ठोक्याच्या माथ्यावरचं रक्त त्या चिमटीतून निसटतं आणि 'टक्' ऐकू येतं. तो वरचा आकडा. पुढे आवाज बदलत जातो, घुमतो, मग दबतो, आणि धमनी पूर्ण वेळ उघडी राहू लागली की नाहीसा होतो. नाहीसा होतो तो खालचा.

हवा सोडायची सेकंदाला २ ते ३ मिलिमीटर या वेगाने. घाईत १० ने सोडली तर दोन ठोक्यांच्या मधे पारा आठ-दहा घरं उतरलेला असतो. वरचा आकडा कमी येतो, खालचा जास्त. हवा भरताना मनगटाची नाडी चाचपत राहायचं, ती नाहीशी होईल त्याच्या २० ते ३० वर जायचं. हे का? तर काही जणांत, विशेषतः म्हाताऱ्यांत, पहिले आवाज ऐकू येतात, मग मधेच बराच वेळ शांतता आणि मग पुन्हा आवाज. हवा त्या शांततेत भरून थांबलात तर १९० चा माणूस १५० म्हणून घरी जातो.

आता पेशंटकडून होणाऱ्या चुका. माणूस जिना चढून येतो, धापा टाकत खुर्चीत बसतो, पट्टा बांधला जातो आणि बांधणारा विचारतो, "काय, कसं काय?" पेशंट सविस्तर सांगू लागतो. नुसतं बोलण्याने वरचा आकडा दहाने सहज चढतो. पायावर पाय टाकला, आणखी काही. पाठीला टेका नाही, आणखी काही. लघवी तुंबलेली असेल तर तेही यात धरा. म्हणून पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, दोन्ही पावलं जमिनीवर, आधीच्या अर्ध्या तासात चहा, कॉफी, सिगारेट काही नाही. बाही वर सरकवून तिचा करकचून फास झालेला नको; सरळ दंड उघडा करावा. जाड दंडाला नेहमीच्या मापाचा पट्टा लावला तर दाब ५ ते २० ने खोटाच वाढतो. पट्ट्यातली हवेची पिशवी दंडाच्या घेराच्या ८० टक्के भागाला वेढेल एवढी लांब आणि घेराच्या ४० टक्के रुंद हवी.

आणि हात! हाताला खाली टेबल हवं, आणि पट्टा हृदयाच्या पातळीवर, म्हणजे छातीच्या हाडाच्या मध्याशी. याला गणित आहे. १० सेंटीमीटर उंचीच्या रक्ताचा भार पाऱ्याच्या जवळजवळ ८ मिलिमीटर होतो. हात मांडीवर लोंबता ठेवला तर पट्टा १०-१५ सेंटीमीटर खाली जातो. मोजा तुम्हीच. बीपीची गोळी सुरू करायची की नाही हे कित्येकदा एवढ्याच फरकावर ठरतं, आणि हा फरक आजाराचा नसतो, टेबल नसल्याचा असतो.

अजून एक बारीक गोष्ट, मग हा विषय सोडतो. जुन्या पाऱ्याच्या यंत्रावर खुणा दोन-दोन मिलिमीटरच्या असतात. १३४ आहे, १३६ आहे, १३५ नाहीच. तरी फायली चाळून बघा, १३५ किती भेटतात! आणि १३०/८०, १४०/९० यांची तर रांग लागलेली. माणसाचं रक्त शून्यावर संपणाऱ्या आकड्यांशी एवढं एकनिष्ठ नसतं. डिजिटल यंत्रात हा दोष नाही, पण तेही आवाज ऐकत नाही. पट्ट्याला बसणारे धक्के ते मोजतं. धक्के सगळ्यांत मोठे जिथे, तो सरासरी दाब, आणि त्यावरून वरचा-खालचा हिशेबाने काढतं. ठोके अनियमित पडत असतील तर हिशेब भरकटतो. अशा वेळी तीनदा मोजून सरासरी घ्या. पहिल्या खेपेला दोन्ही दंडांवर मोजा, ज्या हाताचा जास्त येईल तोच पुढे कायम धरा.

घड्याळ बघतोय मी. पंधरा मिनिटं उरलीत आणि ज्यासाठी आलो तो मुद्दा अजून पिशवीतच आहे. तर आता भराभर.

डाव्या हृदयातून रक्त निघतं तेव्हा सरासरी दाब साधारण ९३. १२० आणि ८० ची सरासरी १०० का नाही, असं कोणीतरी विचारणारच, म्हणून सांगतो: हृदय आकसण्यापेक्षा सैल राहण्यात जास्त वेळ घालवतं. म्हणून खालच्या आकड्यात फरकाचा एक तृतीयांश मिळवायचा, ८० अधिक १३. शिवाय हृदय सैल असताना दाब शून्यावर येत नाही, कारण महाधमनी रबरासारखी फुगून प्रत्येक ठोक्याच्या सुमारे ७० मिलिलिटरपैकी निम्म्याच्या आसपास रक्त पोटात धरून ठेवते आणि मग आकसत पुढे ढकलते. हेल्सनेच याची तुलना आगीच्या बंबातल्या हवेच्या डब्याशी केली होती: पंप थांबून थांबून मारतो, धार मात्र सलग. वय वाढलं की ही भिंत ताठरते. मग वरचा चढतो, खालचा उतरतो. १६०/७० सारखे आकडे येतात ते याच कारणाने. आणि मनगटाला लागते ती नाडी म्हणजे या भिंतीतून धावणारी लाट. ती सेकंदाला ५ ते १० मीटर पळते, रक्त स्वतः महाधमनीतसुद्धा सेकंदाला २०-३० सेंटीमीटरच्या आसपास. तुमच्या बोटाखाली ठोका लागतो तेव्हा त्या ठोक्याचं रक्त अजून छातीतच असतं.

तर साधारण ९३ घेऊन निघालो. दंडातल्या, मांडीतल्या मोठ्या धमन्यांत खर्च किती? जेमतेम काही मिलिमीटर. तिथे रस्ता रुंद आहे. केशवाहिनीच्या तोंडाशी पोचतो तेव्हा खिशात उरलेले असतात ३० ते ३५. मधे पन्नासेक गेले कुठे? धमनिकांत. धमनी संपते आणि केशवाहिनी सुरू होते त्यांच्या मधल्या या बारीक नळ्या, भिंतीत वर्तुळाकार स्नायू असलेल्या. नळाच्या चाव्या म्हणा. शरीरभर पसरलेल्या अशा असंख्य चाव्या, आणि मी ज्यांचे पत्ते देणार होतो त्या ह्याच.

चावीची ताकद किती, हे प्वाझ्यने काढलं. हा फ्रेंच डॉक्टर. काचेच्या केसासारख्या बारीक नळ्यांतून पाणी सोडून त्याने १८४० च्या सुमारास दाखवलं की प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो. त्रिज्या निम्मी केली की प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा उरतो. दुप्पट प्रवाह हवा तर त्रिज्या एकोणीस टक्क्यांनी वाढवली की झालं. म्हणून शरीर रक्त वाटताना हृदयाला फार त्रास देत नाही, चाव्या फिरवतं. बसलेलो असताना स्नायूंना एकूण रक्ताचा १५-२० टक्के वाटा. जोराने धावताना हृदय २०-२५ लिटरपर्यंत जातं आणि त्यातला ८० टक्क्यांहून जास्त वाटा स्नायू उचलतात. त्या वेळी पोटाच्या चाव्या आवळलेल्या असतात; भरल्या पोटी धावलं की पोट का दुखतं याचा थोडा धागा इथे आहे. मेंदूचा पुरवठा मात्र दोन्ही वेळा जवळजवळ तेवढाच.

आता उजवं हृदय बघा म्हणजे माझं म्हणणं पटेल. तेच ५ लिटर, तोच ठोका, पण फुप्फुसाच्या धमनीतला दाब २५/१० च्या आसपास, सरासरी १५. प्रवाह सारखा आणि दाब सहावा हिस्सा! कारण फुप्फुसात आवळलेल्या चाव्या नाहीत. दाब किती लागणार हे पुढची वाट ठरवते, हृदय नुसतं भागवतं.

केशवाहिन्यांत दाब कमी तर असतोच, वेगही. एकेक केशवाहिनी तांबड्या पेशीहून अनेकदा अरुंद, पण सगळ्यांची तोंडं मिळून होणारं क्षेत्रफळ महाधमनीच्या हजारपटीच्या आसपास. नदी खाडीला पसरली की संथ होते तसं रक्त इथे सेकंदाला मिलिमीटरभरच सरकतं. लांबीही तेवढीच, म्हणून प्राणवायू उतरवायला सेकंद-दोन सेकंद मिळतात. दाबाने पाणी बाहेर झिरपतं, रक्तातली प्रथिनं ते आत ओढून धरतात, सांडलेलं लसिकावाहिन्या गोळा करतात. प्रथिनं कमी पडली किंवा पुढे शिरांत तुंबलं की पावलं सुजतात. घोट्याच्या वर, हाडावर अंगठा दाबून दहा सेकंद धरा; खळगा राहिला तर ती सूज.

शिरा. मला यावर खूप बोलायचं होतं. ६० टक्क्यांहून जास्त रक्त कुठल्याही क्षणी शिरांत असतं, आणि खिशात उरलेले असतात १५ हून कमी. उभं राहिलं की पावलातल्या शिरेत वरच्या सगळ्या रक्ताचा भार येतो, ९० पर्यंत. चालू लागलं की पोटऱ्या दाबतात, झडपा रक्त खाली येऊ देत नाहीत, आणि तोच दाब तिसाच्या आसपास उतरतो. झडपा ढिल्या पडल्या की शिरा फुगून वळकट्या दिसतात. एवढ्यावरच थांबतो.

आता बीपी वाढलेला टिकतो कसा. मानेच्या धमनीत आणि महाधमनीच्या कमानीत ताण ओळखणारे पहारेकरी आहेत. दाब वाढला की काही सेकंदांत ते ठोके मंद करतात, चाव्या सैल करतात. पण दाब दिवसेंदिवस चढाच राहिला तर तेही सरावतात आणि तो चढा दाबच रोजचा धरतात. शेवटचा शब्द मूत्रपिंडाचा. दाब वाढला की निरोगी मूत्रपिंड जास्त मीठ आणि पाणी बाहेर टाकून तो उतरवतं. मूत्रपिंडाने हे वेळेवर करायचं सोडलं, १४० झाल्याशिवाय तेवढं मीठ बाहेर जाईना, तर शरीर १४० वर येऊन थांबतं. चिठ्ठीवरच्या गोळ्या पाहा: अॅम्लोडिपिन धमनिकेच्या चाव्या सैल करते, टेल्मिसार्टन चाव्या आवळणाऱ्या आणि मीठ धरून ठेवायला लावणाऱ्या निरोपाला अडवते, लघवी वाढवणारी गोळी मूत्रपिंडावर काम करते. हृदयाला 'जरा हळू' सांगणाऱ्या गोळ्या यांच्या नंतर येतात, तेही हृदयाचं वेगळं कारण नसेल तर. म्हणूनच 'आज बरं वाटतंय' म्हणून गोळी सोडली की दाब परत चढतो, कारण चाव्या आणि मूत्रपिंड होते तिथेच असतात. दाब कळत नाही, दुखत नाही, म्हणून त्याचा अंदाज बांधू नका.

घंटा झाली. एवढं एकच सांगतो, कारण ते उपयोगाचं आहे. उठून उभं राहिलं की अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पायांत आणि पोटात उतरतं. पहारेकरी सुस्त असतील, अंगात पाणी कमी असेल किंवा गोळी जास्त झाली असेल, तर डोक्याला दाब पुरत नाही आणि माणूस कोसळतो. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना सांगायलाच हवं. आणि भोवळ येऊन पडलेल्याला उचलून खुर्चीत बसवू नका. आडवा झाला की डोकं हृदयाच्या पातळीला येतं. त्याला तसाच आडवा राहू द्या, पाय थोडे उंच करा, शुद्धीवर आल्यावरही काही मिनिटं झोपवून ठेवा, मग आधी बसवा आणि नंतर उभं करा. मिनिटभरात शुद्धीवर आला नाही, किंवा छातीत दुखतंय म्हणाला, तर वाट न बघता ॲम्ब्युलन्स बोलवा.

प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतल्या ताई मघापासून हात वर करून बसल्यात. त्या हातावर मात्र आत्ता बीपी मोजू नये.